ब्रेकर सहा इंचांचा

खाली केलेली गाडी पाहिली की मला मळमळतं. घोरपडसुद्धा चालताना पोट जमिनीपासून वर धरते. या पोरांना मात्र एवढी महागाची गाडी डांबराला घासत न्यायची असते, आणि घासल्याचा खर्रकन आवाज आला की आत बसून दात काढायचे असतात. रस्ते आपले असे, खड्डे असे, आणि शौक पाहावा तर हा!

अर्थात मी बोलायचं म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा. अकोल्यात जठारपेठेच्या मागच्या गल्लीत माझं गॅरेज आहे, स्प्रिंग आणि शॉकअपचं काम करतो, आणि गेल्या दहा वर्षांत या भागातल्या तीस-चाळीस गाड्या मीच खाली केल्या आहेत. ग्राइंडर घ्यायचा, स्प्रिंगचा दीड वेढा कापायचा, गाडी बसली खाली. अर्ध्या दिवसाचं काम, अक्कल लागत नाही. माझी बायको रूपाली म्हणायची, "नाई म्हनाले काय जाते तुमचं?" मी म्हणायचो, मी नाही केलं तर दुसरा करेल. जगातली सगळी घाणेरडी कामं याच एका वाक्यावर चालतात, हे मला आता कळतं.

श्यामची गाडीही मीच खाली केली होती. सावंगझरीच्या रामराव पाटलांचा हा एकुलता एक पोरगा. घरी काळीची चांगली जमीन, पोराला हौस, म्हणून पुण्याहून वापरलेली लाल स्पोर्ट्स कार आणली, दोन दारांची. मुळातच ती बुटकी, त्यात याला आणखी दोन इंच खाली पाहिजे. मी कापून दिली. मग पोटाखाली जेमतेम तीन इंच उरले. मांजर गेलं असतं खालून, तेही शेपटी खाली घालून.

तोच श्याम मार्च महिन्यात एका सकाळी आला. गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी, कारण आमच्या गटारीच्या झाकणावरून ती आत येत नव्हती.

"काका, गाडी वर करून पायजे."

"काहून? आता आवडेना झाली का?"

"आवडते ना जी. पन गावात जातच नाई. लोकाईनं रस्त्यात मधातच ब्रेकर केला, चेंबर टेकते. चार महिने झाले, अमरावतीले मावशीकडे उभी करून ठेवली. लग्न आहे बारा दिवसानं. सीमाले सांगून ठेवलं, तुले याच गाडीत घरी नेतो म्हनून."

चेंबर म्हणजे इंजिनच्या तळाचं तेलाचं भांडं. ते फुटलं की गाडी जागेवर मेली.

"मंग ब्रेकर फोडाले सांग. तुह्या बाबाचा शब्द कोन मोडते गावात?"

श्याम मोबाइलकडे बघायला लागला. "नाई, त्याले हात नाई लावाचा. बाबा म्हनतात, उगाच बोभाटा होते. तुमी गाडीच वर करा."

पाटलाच्या घरचा माणूस गावच्या ब्रेकरला भितो, हे ऐकून मी कान टवकारायला हवे होते. पण मला त्या वेळी फक्त कापलेले स्प्रिंग दिसत होते. कापलेला स्प्रिंग काही वाढत नाही. कंपनीच्या मापाचे नवे घालावे लागणार, त्यावर पॅकिंग, आणि पॅकिंग किती ते रस्ता पाहिल्याशिवाय कळत नाही. माझा तो नियमच आहे. गाडी खाली करताना रस्ता पाहावा लागत नाही, वर करताना पाहावा लागतो.

"उद्या गावात येऊन मोजतो," मी म्हणालो.

"नोका येऊ!" तो एकदम बोलला. मग हसला. "म्हंजे, कायले त्रास घेता? मी सांगतो ना. एक वीत असन."

वीत म्हणे! सस्पेन्शनचं माप वितेत सांगणारं हे गिऱ्हाईक. मी मान हलवली आणि मनात ठरवलं, जायचंच.

तसा गाडीला माझा हात त्याआधी आणखी एकदा लागला होता, गेल्या दसऱ्याला. तेही इथंच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

दसऱ्याला आम्ही हत्यारांची पूजा करतो. आदल्या रात्री पाने, जॅक, ग्राइंडर सगळं रॉकेलनं पुसायचं, सकाळी पाटावर मांडायचं, हळद-कुंकू, झेंडूची फुलं. एकदा मांडलं की त्या दिवशी पान्याला हात लावायचा नाही. माझ्या बापानं कधी लावला नाही, मीही लावत नाही. पूजा आटोपून उठतोय तोच श्याम आला. साडेआठ वाजले होते. नक्की सांगतो, कारण नारळ फोडताना रूपालीनं घड्याळ पाहिलं होतं आणि म्हणाली होती, उशीर झाला, आठ पंचवीस झाले.

पुढचा बंपर फुटलेला, एक दिवा गेलेला. "रोही आडवा आला," तो म्हणाला. रोही, म्हणजे नीलगाई, आमच्या भागात रोजच कोणाला ना कोणाला आडवे येतात. "खालून काहीतरी घासून राहिलं, काका. फक्त ते पाहा."

मी गल्लीच्या तोंडाशीच गोणपाट टाकून आडवा झालो आणि मान खाली घातली. पुढच्या चाकाच्या आतल्या दांड्याला झेंडूची माळच्या माळ गुंडाळली होती, आणि त्यात एक हिरवी चिंधी. मला हसू आलं. दसऱ्याला गाड्यांना हार घालतात, हार लोंबतो, चाकात जातो. दरवर्षी दोन-तीन गाड्या त्या पायीच येतात. पान्याला हात लावायचा नव्हता, म्हणून रूपालीकडून ब्लेड मागून घेतलं, जेवढं लोंबत होतं तेवढं कापलं. बाकीचं काढायला खालचं कव्हर खोलावं लागलं असतं, त्याला पाना लागला असता.

"आतमधी अजून असन. उद्या ये, कव्हर खोलून साफ करू," मी म्हणालो.

तो पुन्हा आला नाही. आणि मी काय केलं? फुलाला पाय लागू नये म्हणून तो काळा झालेला हार उचलला, समोरच्या लिंबाच्या बुडाशी ठेवला आणि हात जोडले.

तर दुसऱ्या दिवशी स्कूटर काढून मी सावंगझरीला गेलो. मूर्तिजापूर मागे टाकलं की अमरावतीच्या अंगाला सात किलोमीटर आत. गावाच्या अलीकडे नाल्याला लागून माळ्यांची वावरं आहेत, गलांडा, झेंडू, वांगी. तिथंच तो ब्रेकर. इंजिनियरचा नव्हताच तो, हातानं थापलेला, एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. मी दोन विटा ठेवून दोरी ताणली आणि पट्टी लावली. मधोमध सहा इंच.

"कोनत्या खात्याचे जी तुमी? तोडाले आले का?"

रस्त्याच्या कडेला टिनाचं शेड होतं, त्यावर रंगवलेलं 'हार व फुले मिळतील', खाली मोबाइल नंबर. आत साठीची एक बाई उंच स्टुलावर बसून माळ ओवत होती. गुडघे गेलेले असणार, नाहीतर ओवायला कोणी स्टुलावर बसत नाही.

"नाई मावशी. मोजून राहिलो फक्त. एक गाडी अटकते म्हने येथं."

"अटकूच द्या," ती म्हणाली. मग माझ्याकडे नीट बघून, "पानी घ्या. उनाचे आले."

तिचं नाव पार्बताबाई. मी पाणी पीत होतो आणि ती सांगत होती, आवाज न चढवता, सुई न थांबवता. तिचा नवरा भगवंत दसऱ्याच्या सकाळी साडेसहाला लूनावर फुलांची दोन गाठोडी बांधून अमरावतीच्या बाजाराला निघाला होता. वर्षात फुलाला खरा भाव त्याच दिवशी. ब्रेकर आहे तिथंच, घरापासून दोनशे पावलांवर, त्याला गाडीनं उडवलं. तो नाल्यात बेशरमच्या झुडपात जाऊन पडला, वर लूना.

"कोनाले दिसलं नाई?"

"रस्त्यावर फुलं सांडले होते ना, भाऊ. लोकं त्याच्यावरून जाऊन राहिले होते. दसरा होता. रस्त्यात झेंडू पडला तं कोनाले काय वाटन?" तिनं दोरा ओढला. "मी बी घरीच. मले वाटलं, गेले बाजारात, संध्याकायी येतीन. मी सोनं वाटाची तयारी करून राहिली होती. अकरा वाजता बकऱ्यावाल्या पोट्ट्याले लूना दिसली."

"तवा..."

"जिवंत होते. बोलले बी. पानी मांगितलं. मूर्तिजापूरच्या अलीकडेच गेले मंग. डॉक्टर म्हने, दोन घंटे आधी आनलं असतं तं वाचले असते."

मी पेला खाली ठेवला. "गाडी कोनाची होती?"

"अज्ञात वाहन," ती म्हणाली. हा शब्द तिनं जपून उच्चारला, नवीन भांडं हातात धरावं तसा. "पेपरात बी तेच आलं. मंग गावच्या पोराईनं हा ब्रेकर केला. रामराव पाटलानं सिमेट देल्लं, दोन पोते. तेरवीले बी सकायपासून उभे होते. देवमानूस आहे. लोकं म्हनतात, बैल गेला अन् झोपा केला. म्हनू द्या. दुसऱ्याचा तं नाई जाईन."

निघताना तिनं मूठभर झेंडू कागदात ठेवला आणि वरून बांधला. सुतळीनं नव्हे. स्टुलाच्या खिळ्याला फाडलेल्या लुगड्याच्या पट्ट्या टांगलेल्या होत्या, हिरव्या, लाल काठाच्या. त्यातली एक ओढून बांधला.

"सुतळीनं फूल कापते," ती म्हणाली. "आमच्या घरी सगळे गाठोडे लुगड्यानंच बांधतो. घ्या, घरच्या देवाले वाहा."

असलीच हिरवी चिंधी मी दसऱ्याला ब्लेडनं कापली होती.

आता मी काय केलं असेल? स्कूटर वळवली, थेट पोलिसांत गेलो, असं सांगायला फार आवडलं असतं. पण मी घरी आलो, फुलं रूपालीच्या हातात दिली, हात धुतले, जेवलो. स्वतःला समजावत होतो, की हिरवं लुगडं काय एकाच बाईचं असतं? आणि दसऱ्याला हार कोणाच्या गाडीला नसतो? मी भेकड माणूस आहे. गाडी मी खाली केली होती, बिनपरवान्याचं काम. जमिनीपासून तीन इंचांवरचा तो बंपर लूनाच्या चाकाखाली पाचरीसारखा घुसला असणार, हेही मला कळत होतं. सस्पेन्शनवाल्याला नाही कळणार तर कोणाला? आणि कळत असूनही दुसऱ्या दिवशी मी नवे स्प्रिंग मागवले. तिसऱ्या दिवशी गटारीवर फळ्या टाकून गाडी आत घेतली आणि ते बसवायला घेतले. लग्नाची तारीख जवळ येत होती ना! आपलीच आपल्याला किळस यावी आणि तरी हातातला पाना थांबू नये, असा तो माझा दिवस होता.

संध्याकाळपर्यंत गाडी वर झाली. कंपनीच्या मापापेक्षाही दीड इंच उंच. आता चाचणी. तिची माझी पद्धत जुनी आहे. घरून कणकेचा गोळा आणायचा, त्याच्या छोट्या गोळ्या करून चेंबरला आणि खालच्या कव्हरला चिकटवायच्या आणि गाडी अडथळ्यावरून हळू न्यायची. गोळी जेवढी चेपली तेवढी जागा कमी. रूपाली दरवेळी करवादते, अन्नाची नासाडी म्हणून. मी अंगणात फळ्या आणि विटा रचून सहा इंचांचा ब्रेकर केला, गोळ्या लावल्या आणि गाडी त्यावरून नेली. कुठं काही घासलं नाही.

मग गाडी लिफ्टवर घेतली, डोक्याइतकी वर, आणि गोळ्या काढायला लागलो. चेंबरखालच्या तिन्ही गोळ्या शाबूत. चौथी कव्हरच्या फटीजवळ लावली होती. ती ओढली तर सुटेना. जोर लावला तशी ती ताणली आणि तिच्याबरोबर फटीतून काहीतरी बाहेर आलं. वाळलेल्या, तेलात भिजून काळ्या पडलेल्या पाकळ्या. एक लाल काठ. आणि त्या पांढऱ्या कणकेत रुतलेले दोन पांढरे केस.

मी ते हातात धरून उभा होतो. पोळीची कणीक ती. मग नळापाशी जाऊन ओकलो.

परत येऊन कव्हर खोललं. आज दसरा नव्हता, पान्याला हात लागत होता. आत झेंडूचा लगदा होता, हिरव्या पट्टीनं दांड्याला करकचून आवळलेला, आणि त्याच्या आत पांढऱ्या सदऱ्याचा हातभर तुकडा. एक बटण अजून शिवलेलं. बाकी कापड तपकिरी आणि पापडासारखं कडक. महिनाभर हा पोरगा ते पोटाशी घेऊन फिरला, गाणी लावून, आणि मग चार महिने मावशीच्या दारात ठेवलं.

मी काही काढलं नाही. सगळं होतं तसं ठेवलं, चारही चाकं खोलून बाजूला घेतली आणि त्यांचे नट खिशात घातले.

श्याम सकाळी आला, हातात पेढ्यांचा डबा आणि लग्नाची पत्रिका. लिफ्टवरची गाडी पाहून खूश झाला. "झाली का जी?"

"झाली. ये, खाली उभा राय. वर पाह्य."

त्यानं वर पाहिलं. तोंडावरचं हसू लगेच गेलं नाही, थोडा वेळ तसंच राहिलं, आणि ते मला सगळ्यात ओंगळ वाटलं.

"काका, हे दसऱ्याचं..."

"हाव, दसऱ्याचंच. भगवंत माळ्याचं."

 त्यानं हळूच डबा टूलबॉक्सवर ठेवला. "ते मधातच आले, काका. देवाशपथ. मी रातभर जागा होतो, अमरावतीहून पार्टीतून येऊन राहिलो होतो. थांबलो असतो तं लोकाईनं जीव घेतला असता माह्या."

"थांबू नको. फोन तं कराचा होता. एकशे आठ लावाले काय लागते बे? नाव नोको सांगू. नाल्यात मानूस पडला, एवढं सांग अन् फोन ठेव."

"मले वाटलं, मेले ते."

"पाहाले उतरला होता?"

त्यानं मान खाली घातली. उतरला नव्हता. पण उतरलं नाही म्हणून मला घृणा आली असं नाही. भीतीनं माणूस पळतो, मीही तीन दिवस पळतच होतो. घृणा आली ती पुढच्या वाक्याची.

"बाबानं सगळं निस्तरलं ना, काका. तेरवीचा खर्च केला, सिमेट देल्लं. पार्बताबाई बी काही म्हनत नाई. आता आठ दिवसावर लग्न, हे उकरून कोनाचं भलं होते?"

म्हणजे बापाला माहीत होतं. नवऱ्याला मारणाऱ्याचा बाप तेरवीला पंगतीत वाढत होता आणि ही बाई त्याला देवमाणूस म्हणत होती. आणि त्याच सिमेंटचा ब्रेकर पोराच्या आडवा आला, म्हणून पोरगा गाडी उंच करायला माझ्याकडे! मला हसायला येत होतं की रडायला, कळेना.

"पेढे उचल," मी म्हणालो.

"काका, इचार करा. स्प्रिंग तुमी कापले आहेत. अन् दसऱ्याच्या दिवशी हार बी तुमीच काढला. तुमचं नाव नाई येनार का?"

"येईन."

"मंग?"

"पेढे उचल अन् निंघ."

त्यानं डबा उचलला. पत्रिका मात्र तिथंच राहिली. जाताना तो फोन लावत होता, बहुतेक बापालाच.

मी टिनावरचा नंबर लावला. तो मी कधी लिहून घेतला नव्हता, पण पाठ झाला होता. पार्बताबाईला एवढंच सांगितलं, की मी ब्रेकर मोजायला आलो होतो तो, एक वस्तू दाखवायची आहे, या. दुपारी ती एसटीनं आली, सोबत तिची लेक वर्षाली. लेकीच्या खांद्यावर हात ठेवून एकेक पाऊल टाकत ती गल्लीतून आली. मी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"काय दाखवता?"

श्याम गेल्यावर गाडी खाली घेऊन ठेवली होती. गुडघ्यांनी तिला वाकता येणार नव्हतं, आडवं होणं तर लांबच. मी लिफ्टचं बटण दाबलं. गाडी घरघरत वर चढली, कमरेइतकी, छातीइतकी, मग तिच्या डोक्याच्या वर हातभर. मी बॅटरी पेटवून वर धरली.

ती पुढे आली आणि मान वर केली. बराच वेळ पाहत होती. वर्षालीनं तोंडाला ओढणी लावली. पार्बताबाईनं हात उंच केला, चिंधीच्या टोकापर्यंत नेला, पण लावला नाही.

"गाठ माह्यी आहे," ती म्हणाली. "दोन फेरे अन् आतून टोक. ते बांधत तं सुटे, म्हनून मीच बांधून देत जावो." मग विचारलं, "कोनाची हो गाडी?"

मी सांगितलं. रामरावांचं नावही सांगितलं. ती पदरानं हात पुसायला लागली, जणू त्याला काही लागलं आहे.

आता मला सांगायचं होतं. ती निघून गेली असती तर सुटलो असतो, पण मग आयुष्यभर तिच्या पाण्याचा पेला घशात राहिला असता.

"मावशी, हे मी आधी पाह्यलं होतं. दसऱ्याच्या दिवशी. गाडी माह्याकडे आली, खालून हार लोंबत होता, मी कापून काढला. मले वाटलं, गाडीच्या पूजेचा आहे. हत्यारं पूजेले मांडले होते, म्हनून कव्हर खोललं नाई. खोललं असतं तं सदरा दिसला असता."

"किती वाजता?"

"काय?"

"गाडी किती वाजता आली तुमच्याकडे?"

मी घड्याळाकडे पाहिलं. तिथं पाहून काय मिळणार होतं? "साडेआठ."

ती मनाशी काही जुळवत होती. ओठ हलत होते. मग ती म्हणाली, रागानं नाही, हिशेब चुकू नये म्हणून म्हणावं तसं.

"साडेआठले ते जिवंत होते, भाऊ."

वर्षाली रडायला लागली. पार्बताबाई खुर्चीवर बसली. "पोलीस येईस्तोवर खाली नोका घेऊ गाडी," एवढंच म्हणाली.

मी फोन केला. तासाभरानं दोघं आले, फोटो काढले, तुकडा पिशवीत घातला, पंचनामा लिहायला घेतला. लिहिणारा हवालदार ओळखीचा होता, त्याच्या मोटारसायकलचे शॉकअप मीच भरून दिले होते. मी दसऱ्याचं सगळं सांगितलं. लिहिता लिहिता त्यानं पेन थांबवलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "ललितभाऊ, टाइम कायले टाकता? सकायी आली होती, एवढं लिहितो ना. टाइम टाकला तं उद्या वकील तुमालेच धरन. मानूस जिवंत होता तवा तुमाले दिसलं, अन् तुमी हार काढून हात जोडले, म्हनन."

खरंच होतं ते. वकील नेमकं हेच म्हणणार होता.

समोर पार्बताबाई बसली होती. माझ्याकडे बघत नव्हती. तिची नजर वर होती, गाडीच्या पोटाकडे.

"साडेआठ लिहा," मी म्हणालो.